ओटा कुणाच्या उंचीचा?



पावसाळा सरला, की चाळींतून आणि वस्त्यांतून घरदुरुस्तीला जोर येतो. कुणी पत्रे बदलतो, कुणी रंग काढतो, कुणी बाहेरच्या खोलीत नवी फरशी बसवतो. स्वयंपाकघराची पाळी शेवटी येते आणि पुष्कळदा येतच नाही, कारण तोवर पैसे संपलेले असतात. पाहुणा बसतो ती खोली चकचकीत होते. घरातली बाई जिथे दिवसाचे पाच-सहा तास उभी असते, तिथला ओटा मात्र पंचवीस वर्षांपूर्वी गवंड्याने जसा करून दिला तसाच राहतो. यंदा आम्ही हा क्रम उलटा केला. बाहेरची खोली होती तशी ठेवली आणि स्वयंपाकघर तोडायला घेतले. ते ऐकून काही भगिनींनी विचारणा केली, की स्वतः काय केले, माणसे कशाला लावली, किती दिवस गेले, किती खर्च आला. खर्चाचा आकडा गावोगाव वेगळा, तो सांगून उपयोग नाही. बाकीचे सविस्तर सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट. हे सदर वाचणाऱ्या घरांत गवंडी आहेत, बिगारी आहेत, प्लंबर, सुतार, रंगारी आहेत. दुसऱ्यांच्या घरी भांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनी आहेत. म्हणजे मोठ्यांची स्वयंपाकघरे बांधणारेही आपण आणि त्यांत राबणारेही आपण. कुठल्या घरातला ओटा पाठ मोडतो, कुठल्या घरातले सिंक अंगावर पाणी उडवते, हे आपल्या भगिनींइतके कुठल्या इंजिनियरला कळणार? तरी आपल्या घरचे काम निघाले, की हे सारे ज्ञान बाजूला पडते आणि "मिस्त्री करेल ते बरोबर" असे होऊन बसते. मिस्त्रीचे यात काही चुकत नाही. त्याला कुणी माप सांगितलेले नसते, म्हणून तो सवयीने पावणेतीन फुटांवर ओळ मारतो. वर आणखी दगडाची जाडी आली, की ओटा तीन फुटांच्या जवळ जातो.

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या वसाहतीत. स्वयंपाकघर १० फूट बाय ७ फूट. जुन्या कडाप्प्यावर कधीतरी दुसरा दगड चढवलेला, त्यामुळे ओट्याची उंची भरली ३५ इंच. आणि ओट्याशी सर्वात जास्त वेळ उभी राहणारी व्यक्ती ४ फूट ११ इंचांची. तिने कित्येक वर्षे खांदे वर उचलून भाजी ढवळली, वाफ तोंडावर घेतली, आणि भाकरी थापताना हातात जोर येत नाही म्हणून परात जमिनीवर घेतली. मानेला पट्टा लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "ओटा किती उंच आहे?" घरात कुणालाच सांगता येईना, कारण आजवर कुणी तो मोजला नव्हता.

तेव्हा पहिले काम मोजपट्टी घेऊन आपल्या माणसाला मोजण्याचे. सरळ उभे राहायचे, हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर घ्यायचे. त्यातून चार ते सहा इंच वजा केले, की ओट्याची उंची मिळते. आमच्याकडे कोपर आला ३६ इंचांवर, म्हणजे ओटा हवा ३० ते ३२. पण नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आम्ही बाहेरच्या खोलीत विटा रचून त्यावर फळी टाकली आणि चार दिवस तिच्यावर भाजी चिरली, पीठ मळले, भाकऱ्या थापल्या. एक वीट काढायची, एक घालायची, खाली पुठ्ठा सारायचा. भाकरीला खालची उंची सोयीची वाटते, कारण तळव्यावर अंगाचा भार द्यावा लागतो. चिरायला जरा वरची बरी. शेगडीचे आणखी वेगळे. ओट्यावर शेगडीची उंची, तिच्यावर पातेल्याची उंची, म्हणजे कालथा धरलेला हात ओट्याच्या किती तरी वर चालतो. म्हणून गॅसचा भाग खालीच हवा.

सिंकचे नेमके उलटे. सिंकचा तळ ओट्यापेक्षा सात-आठ इंच खाली असतो आणि भांडी तळाशी असतात. सिंक ओट्याच्याच उंचीवर घेतले, की घासणाऱ्याला कमरेत वाकावे लागते. आमच्या घरी संध्याकाळची भांडी घासणारी व्यक्ती ५ फूट ७ इंचांची, ही आणखी एक अडचण. (यावर हसणाऱ्या बंधूंनी आपापल्या घरी प्रयोग करून पाहावा.) शेवटी आम्ही ओटा दोन पातळ्यांचा केला. गॅसचा आणि थापण्या-चिरण्याचा भाग पाच फूट लांब, ३१ इंच उंच. सिंकचा भाग तीन फूट लांब, ३४ इंच उंच. भाकरीसाठी ३० सुद्धा चालले असते, पण ओट्याखाली रेग्युलेटर लावलेला सिलिंडर उभा राहून त्याचा खटका फिरवायला हात जायला हवा. म्हणून सिलिंडर मापूनच ३१ ठरवले. सिंकचा भाग उंच असल्यामुळे पाणी उतरून गॅसच्या बाजूला येणार हे उघड होते. त्यासाठी कडेला दगडाची अर्धा इंच उंचीची पट्टी बसवून घेतली.

मिस्त्री म्हणाले, "असा चढउताराचा ओटा मी कुठं केला नाही, वहिनी." त्यांना विटांवरची फळी दाखवली. त्यांनी स्वतः उभे राहून हात लावून पाहिला आणि मग काही बोलले नाहीत.

गरिबांच्या स्वयंपाकघरासाठी एवढे माप-तोल कशाला, असे कुणाला वाटेल. तर जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात १९२६ च्या सुमारास कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली जात होती. त्यांचे स्वयंपाकघर मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन बाईने आखले. त्या काळात बाई वास्तुविशारद असणे हेच नवल. तिने स्वयंपाक करणाऱ्या बाईची पावले आणि हालचाली यांचा हिशेब धरून सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फुटांत सारे बसवले. आमच्या खोलीपेक्षा फार मोठे नव्हे! अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणून श्रीमंती मिरवली जाते, त्याचे मूळ या कामगारांच्या घरांत आहे. पुढे ही बाई नाझी राजवटीविरुद्धच्या कामात पकडली गेली, १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली, आणि २००० साली वयाच्या १०२ व्या वर्षी वारली. तिच्या स्वयंपाकघरावर एक टीका मात्र झाली आणि ती आम्हाला पटते. ते इतके अरुंद होते, की त्यात एकच माणूस काम करू शकत असे. आम्ही म्हणून मधली मोकळी जागा साडेतीन फूट सोडली. एकाला दुसऱ्याच्या मागून जाता आले पाहिजे, नाहीतर "तुम्ही बाहेर व्हा, मी करते" हे वाक्य घरात कायमचे राहते.

आता कामाकडे वळू. सगळे आम्ही केले असे नाही. तोडणे, मलबा उतरवणे, मापे काढणे, भिंतीच्या टाइल्स लावणे, फटी भरणे, रंग, फळ्या, हे आमचे. सांडपाण्याची जोडणी, वीज, गॅस आणि दगडकाम हे जाणत्या माणसाचे. ही रेषा आम्ही आधीच आखली होती, आणि पैसे वाचवण्याच्या मोहात ती कुणी पुसू नये. टाइल वाकडी बसली तर डोळ्यांना खुपते. वायर चुकली तर माणूस जातो.

इमारतीत राहणाऱ्यांनी काम काढण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवावे. खांब, तुळई यांना छिन्नी लावू नये. जुन्या इमारतीत कुठली भिंत भार घेते हे डोळ्यांनी कळत नाही, तेव्हा भिंत हलवायची असेल तर इंजिनियरला दाखवूनच. मोरी किंवा सिंकची जागा बदलायची असेल तर खाली कुणाची खोली येते ते आधी पाहा. आम्ही सिंक आहे त्याच कोपऱ्यात ठेवले.

तोडायला आम्हाला दोन रविवार लागले. पाणी बंद, त्या भागातली वीज मेन स्विचवरून बंद, सिलिंडर बाहेर. नाकातोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि मलब्यावर अधूनमधून पाणी शिंपडायचे म्हणजे धूळ कमी उडते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अर्ध्याच भराव्यात, भरलेली गोणी तीन जिने उतरवताना कळते. हा मलबा नाल्यात लोटू नये, पालिकेकडे चौकशी करून ठरलेल्या जागीच टाकावा. पावसाळ्यात तोच नाला कुणाच्या वस्तीत शिरतो ते आपल्याला ठाऊक आहे.

तोवर चूल कुठे? आम्ही बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ टेबल लावून त्यावर शेगडी ठेवली, सिलिंडर शेजारी जमिनीवर. ऐकताना पंधरा दिवस सोपे वाटतात. आम्हाला सव्वीस लागले, कारण सिमेंटला घाई चालत नाही.

पैशांचे आम्ही असे ठरवले होते, की आधी झाकले जाणारे काम आणि उरलेल्यात दिसणारे काम. बहुतेक घरांत उलटे होते. टाइल्स महाग घेतल्या जातात, आणि त्यांच्या मागे तोच गंजका लोखंडी पाइप राहतो. दोन वर्षांत पाइप फुटतो आणि महागाची टाइल फोडावी लागते. आमच्या भिंतीतला जुना पाइप बाहेर काढला तेव्हा आतून गंजाने इतका भरला होता, की जेमतेम पेन्सिल जाईल एवढे भोक उरले होते. पाणी बारीक येते म्हणून आम्ही इतकी वर्षे टाकीला बोल लावत होतो!

नवा पाइप सीपीव्हीसीचा घातला. तो गंजत नाही आणि गरम पाण्यालाही चालतो. भिंत बुजवण्यापूर्वी नळांच्या जागी बूच मारून पाइप रात्रभर भरलेला ठेवला आणि सकाळी प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवला. एका सांध्यापाशी कागद ओला झाला. तो सांधा त्याच दिवशी बदलला गेला, चार रुपयांच्या तुकड्यात भागले. भिंत बुजवण्याआधी मोजपट्टी आडवी धरून पाइपांचे आणि वायरींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा कुठे ठोकायचा हे त्या फोटोंवरून कळते.

सांडपाण्याच्या पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार हवा. सिंकखाली बाटलीसारखा किंवा वळणाचा ट्रॅप असतो, त्यात थोडे पाणी कायम साचून राहते. ते पाणी म्हणजे दार आहे. गटारातला वास आणि झुरळे त्याच्यामुळे वर येत नाहीत. पुष्कळ घरांत ट्रॅप न लावता नुसती प्लास्टिकची नळी थेट मोरीत सोडतात आणि मग झुरळांच्या औषधावर पैसे घालतात.

फरशीखालचे जलरोधक काम ही आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची बाब, कारण त्यात दुसऱ्याचे घर गुंतलेले असते. आमच्या जुन्या मोरीच्या कोपऱ्यातून खालच्यांच्या छताला ओल होती. बोलणे बंद झाले नव्हते, पण त्याच वाटेवर होते. म्हणून नवी फरशी लावण्याआधी कोपऱ्यांत आणि पाइपाभोवती दुप्पट काळजी घेऊन जलरोधक थर दिला, तो भिंतीवर फूटभर चढवला, आणि वाळल्यावर पाणी जाण्याचे भोक बुजवून, दारात सिमेंटची पाळ घालून सबंध जमिनीवर इंचभर पाणी कोंडले. दोन दिवस आणि दोन रात्री. खालच्या काकूंना सांगून ठेवले, की सकाळ-संध्याकाळ छताकडे बघा. दुसऱ्या दिवशी रात्री त्या स्वतः वर आल्या, पदर खोचून आमच्या तळ्यात पाय घालून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खाली टिपूस नाही गं." मिस्त्रींचा शेवटचा हप्ता आम्ही या चाचणीनंतर देण्याचे आधीच कागदावर लिहिले होते, तो त्याच रात्री दिला.

हप्त्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. काम अंगावर द्या किंवा रोजावर द्या, पण काय करायचे, माल कुणाचा, पैसे कधी, हे एका कागदावर दोघांच्या सह्यांनी असावे. त्यात दोघांचेही रक्षण आहे. आणि मजुरीत घासाघीस करताना आपण स्वतः नाक्यावर उभे राहिलो होतो ते आठवावे. आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट कापायला आलेला मुलगा विशीतला, तोंडाला नुसता रुमाल. घरात कोरडाच कटर चालवायला निघाला होता. आम्ही थांबवले. दगडाची ती बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. एकाने नळीने पात्यावर पाण्याची धार धरायची आणि त्याने कापायचे, असे केले. चिखल झाला, अर्धा तास जास्त गेला. वीज आणि पाणी एकत्र येते म्हणून त्यासाठी ओल्या कापणीचे मशीनच हवे, साधे नव्हे. ते त्याच्या मालकाकडून मागवून घेतले. मालक कुरकुरला. कुरकुरू द्यावे.

दगड घेताना एक सोपी परीक्षा. कडाप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे सारे चुन्याच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर पडले, की त्यांची चमक जाते आणि डाग उठतो. ग्रॅनाइटला लिंबू काही करत नाही. काळा कडाप्पा चांगला पॉलिश केला तर अनोळखी डोळ्याला ग्रॅनाइटच वाटतो. दुकानात तुकडा मागून घ्या, त्यावर लिंबाचे चार थेंब टाका, दहा मिनिटांनी पुसा. जागा निस्तेज झाली तर तो ग्रॅनाइट नव्हे. आम्ही खाली आधाराला आणि मांडणीला स्वस्तातला कडाप्पा वापरला, ग्रॅनाइट फक्त वरच्या थराला. पुढच्या कडेला, खालच्या अंगाने, एक बारीक खाच मारून घ्यावी. ओट्यावरून ओघळलेले पाणी त्या खाचेशी थांबून खाली ठिबकते, आतल्या डब्यांवर जात नाही.

टाइल्सचे काम आम्ही हौसेने स्वतः केले आणि ते जमण्यासारखे आहे. हिशेब असा: १२ बाय १८ इंचांची एक टाइल दीड चौरस फूट झाकते. भिंत १० फूट लांब आणि ३ फूट उंच लावायची तर ३० चौरस फूट, म्हणजे २० टाइल्स. फुटतूट धरून दहा टक्के वर, म्हणजे २२. साध्या सिरॅमिक टाइल्स सिमेंटवर लावायच्या तर आधी पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या सिमेंटमधले पाणी शोषून घेतात आणि नंतर पोकळ वाजून सुटतात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, तिला चिकटवण्याचा वेगळा मसाला लागतो. दोन्हींची सरमिसळ करू नये.

सुरुवात सरळ झाली, की पुढचे आपोआप सरळ जाते. पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीच्या दोन टोकांना समपातळीची खूण करायची, दोरीने ओळ मारायची, आणि पहिली रांग त्या ओळीवर. ओट्याच्या दगडावरून माप घेऊ नये, कारण दगडाला सिंककडे थोडा उतार दिलेला असतो. सिमेंटचा माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल केला, तर दिसायला ठीक दिसतो पण धरत नाही. दुसऱ्या दिवशी फटी भरायच्या. गॅसमागच्या भागात इपॉक्सीचा भराव घातला, तो महाग पडतो, पण हळद-तेलाचा डाग धरत नाही. प्लास्टरवर आणि ओट्याच्या भिंतींवर निदान सात दिवस पाणी मारत राहावे. कामावर जाण्यापूर्वी एकदा, आल्यावर एकदा आणि दुपारी घरी असेल त्याने. आमचे सव्वीस दिवस झाले ते यामुळे.

विजेसाठी परवानाधारक वायरमन लावला. मिक्सर आणि फ्रिजचे पॉइंट वेगवेगळे, सिंकपासून लांब, ओट्याच्या वर हातभर. अर्थिंग तपासून घेतले आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. ओल्या हाताने स्विचला हात लागला आणि प्रवाह अंगातून जाऊ लागला, तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो. साधा फ्यूज किंवा एमसीबी हे काम करत नाही. एका साडीच्या किमतीत येणारी ही वस्तू आपल्या किती घरांत आहे?

गॅसबद्दल थोडे ठासून सांगतो. सिलिंडर नेहमी उभा, जमिनीवर, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, खाली जमिनीशी साचतो. म्हणून सिलिंडर कपाटात बंद करून छान दार लावणे धोक्याचे. दार हवेच असेल तर खाली, जमिनीलगत, भोके ठेवा. आम्ही दारच लावले नाही, एक सुती पडदाही नाही. नळी वायरची वीण असलेली सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून किंवा शेगडीमागून वळवलेली नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. गळती पाहायची ती साबणाच्या फेसाने, काडी ओढून कधीही नाही. गळतीची शंका आली तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारे सताड उघडी, विजेचे कुठलेही बटण दाबायचे नाही. मग घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन.

मॉड्युलर किचनचे दुकानदार घरी येऊन चित्रे दाखवून गेले. ज्यांना परवडते त्यांनी करावे. पण भुश्श्याच्या दाबलेल्या फळीचे कपाट सिंकखाली घालणे आम्हाला पसंत नाही. पाणी लागले, की ते फुगते आणि हप्ते संपायच्या आत दार लोंबते. आम्ही कडाप्प्याची उभी-आडवी मांडणी केली आणि स्टीलची जुनी मांडणी घासून-पुसून भिंतीला परत लावली. रोजची भांडी तिच्यावर वाऱ्याला वाळतात, आणि ताटांचा तो ओळीने मांडलेला उजेड आम्हाला आवडतो. सर्वात वरची फळी हात सहज पोचेल तिथेच संपवली. स्टुलावर चढून डबा काढणे आमच्या घरात आता बंद. खिडकीच्या वरच्या तावदानाच्या जागी एक्झॉस्ट पंखा बसला. फोडणीचा ठसका बाहेर जातो, आणि खालच्या काकूंना आमच्याकडे आज काय शिजते ते आपोआप कळते.

चार टाइल्स माळ्यावर जपून ठेवल्या आहेत. पुढे एखादी फुटली तर तीच छटा बाजारात मिळत नाही.

जुन्या ओट्याचे दोन कडाप्पे सुस्थितीत निघाले होते. आमच्या कामावर मलबा वाहायला दोन दिवस एक बिगारी ताई होत्या, त्यांनी ते मागून घेतले. त्यांच्या खोलीत अजून ओटाच नव्हता, शेगडी पेटीवर होती. टेम्पो यायला वेळ होता म्हणून मोजपट्टी काढली. त्यांचा कोपर भरला ३५ इंचांवर. सिलिंडर त्या बाजूला उभा ठेवणार, ओट्याखाली नाही, त्यामुळे तिथे आमच्यासारखी अडचण नव्हती. मिस्त्रींनी खिशातली पेन्सिल काढून कडाप्प्याच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिले, "उंची ३०."